भिलानानाचा ढोल तबकडीत कसा गेला

तबकडीवर नाव धनुबाईचं छापलंय, मान्य आहे. त्याखाली बारीक अक्षरात 'आणि मंडळी' असंही छापलंय. त्या मंडळींत मी नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की चुनीलाल स्वतःचीच आरती ओवाळतोय. मंडळी म्हणजे एकच माणूस, रनाळ्याचा भिला ढोलवाला. गेली सात वर्षं तापीच्या दोन्ही काठांना ती तबकडी वाजल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि परवा एक शहाणा माझ्या दुकानात येऊन विचारतो, "शेठ, हा ढोल मुंबईच्या कोणत्या वादकाचा हो?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला बसवला, चहा पाजला, आणि सगळी हकिकत ऐकवल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू दिली नाही. तीच आता लिहून ठेवतो. आज एकोणसत्तर साल आहे. पुढेमागे पुन्हा असा कुणी आला तर कागद हातात देता येईल, घसा तरी वाचेल.

आम्ही सारंगखेड्याचे गुजर. घरी कापूस, केळी, बैलांच्या तीन जोड्या. मी मात्र नंदुरबारला स्टेशनच्या रस्त्यावर फोनो, तबकड्या आणि बॅटरीवर चालणारे भोंगे यांचं दुकान टाकलं. वडिलांना ते अजिबात पटलं नाही. "केळीचा घड सोडून पत्र्याचा भोंगा धरला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. लग्नाला भोंगा भाड्याने द्यायला मी गावोगाव फिरायचो आणि जिथे जिथे मी भोंगा लावायचो, तिथे तिथे भिलानानाचा ढोल माझ्या भोंग्याची पार इज्जत काढायचा.

खोटं नाही सांगत. रनाळ्याला ढोल वाजला की तिसऱ्या मळ्यातला माणूस औत थांबवून मान वर करायचा. नाना दिसायला किरकोळ, खांदे उतरलेले, बोलणं तर इतकं हळू की दुकानदार दोनदा विचारायचा. पण ढोल गळ्यात अडकवला की तो माणूस वेगळा. उजव्या हातात टिपरूची काठी, डाव्या हाताचा उघडा पंजा, डोळे अर्धे मिटलेले. तो ढोल आधी पोटात घुमायचा, कानाला तर नंतर कळायचं. म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून नाचायच्या, आणि मग दुसऱ्या दिवशी गुडघे चोळत नानालाच शिव्या घालायच्या. गाणारी त्याची थोरली बहीण, धनुबाई. नवरा लवकर गेला, भावाकडे राहायची. तिचा आवाज गोड वगैरे नव्हता. चिंचेसारखा आवाज, पण एकदा ऐकला की जिभेवरून जात नाही तसा.

आमच्याकडे पाठवणीची एक रीत आहे. नवरीची गाडी निघाली की पुढे गाणाऱ्या बायका, मध्ये गाडी, आणि ढोल सगळ्यांत मागे, गाडीपासून चांगला वीस-पंचवीस पावलं. जवळ असला तर बायकांचं गाणं कुणाला ऐकू यायचं? आणि ढोल एकदा सुरू झाला की गावाची शीव ओलांडेपर्यंत थांबायचा नाही. मध्येच थांबला तर अपशकुन. शिवेवर नवरीचा मामा हात वर करतो, तेव्हाच ढोल बंद. ढोलवाल्याची नजर सगळा वेळ त्या एका हातावर.

छप्पन साली नानाच्या थोरल्या पोरीचं लग्न झालं. आता पोरीच्या लग्नात ढोल कोण वाजवणार? पंचक्रोशीत दुसरा तसा वाजवणारा होता कुठे! नानानेच वाजवला. धनुबाई पुढे गात होती, "नवरी चालनी वं बाई, मांगे देखू नको". आणि पोर सारखी मागेच बघत होती. बापाला शोधत होती. बाप पंचवीस पावलांवर, धुळीत, ढोलामागे. शिवेवर मामाने हात वर केला, ढोल थांबला, नाना धावला, तोवर गाडीवानाने बैलांना पळवलं होतं. मी भोंगा खांद्यावर टाकून मागून आलो होतो. नाना रिकाम्या वाटेकडे बघत उभा होता, आणि ढोल अजून गळ्यातच.

ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. पाच वर्षांनी, एकसष्टच्या पावसाळ्यात, तो माझ्या दुकानात आला. फोनोवर कसलीतरी तबकडी फिरत होती. बराच वेळ त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "चुनीभाऊ, मन्हा ढोल हाईमा जाई सकस का?"

"या तबकडीत? कशाला रे नाना?"

"धाकली मीना शे ना मन्ही. दोन-तीन सालमा तिन्हं लगीन व्हई. तव्हय ढोल हाई वाजाडी. मी पोरना संगे चालसू."

एवढंच. गळ्यात ढोल न घेता, पोरीच्या गाडीशेजारून शिवेपर्यंत चालायचं. बाकी त्याला काही नको होतं. मला त्या वेळी हसू आलं, हे कबूल करतो, आणि नंतर स्वतःची इतकी लाज वाटली की त्याच दुपारी मी मुंबईच्या एका तबकडी कंपनीला पत्र लिहिलं. खानदेशी लग्नगीतं, अस्सल गायिका, असं जरा फुगवूनच लिहिलं. महिन्याने उत्तर आलं, 'गायिकेस घेऊन यावे. वाद्यांची सोय येथे आहे.'

वाद्यांची सोय येथे आहे! ती ओळ मी नानाला वाचून दाखवलीच नाही. ढोल घेऊन तिघे सुरतेच्या गाडीत बसलो. डब्यात ढोलाला जागा नाही म्हणून नाना सुरतेपर्यंत त्याला मांडीवर घेऊन बसला.

कंपनीची इमारत जुनी, दगडी, तीन मजल्यांची. वरच्या मजल्यावर गादीचं अस्तर मारलेली खोली, मध्ये एक माइक, आणि काचेच्या पलीकडे यंत्राशी बसलेले साहेब. माणूस वाईट नव्हता. चष्मा पुसत पुसत बोलायचा. ढोल बघून म्हणाला, "हे काय? आमच्याकडे तबला-पेटी आहे. हा इथे नाही चालायचा."

नानाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आधी तबल्यावर घेऊन पाहिलं. तबलेवाला बिचारा उत्तम वाजवत होता, पण धनुबाईचं गाणं काही चालेना. दोन ओळी म्हणायची आणि थांबायची. साहेब वैतागले. धनुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हाई टकटक मन्हा पायमा उतरत नही. पाय उचलाई नही तं गाना कसा निंघी? भिलाले बलाव, नही तं माले गाडीमा बसाडी दे."

साहेबांना निम्मं कळलं असेल, पण तो सूर कळला. "बरं, एकदा ऐकू तुमचा ढोल," म्हणाले.

आणि ढोल वाजेना! मुंबईची ती दमट हवा. कातडं असं ढिलं पडलेलं की ओल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखा आवाज. साहेबांच्या तोंडावर हसू. नाना ढोल उचलून खाली गेला. जिन्याखाली चहावाल्याची कोळशाची शेगडी होती. तिच्यावर त्याने ढोल धरला, भाकरी शेकावी तसा फिरवत फिरवत, बोटाने टिचक्या मारत. चहावाला ओरडत होता, गिऱ्हाईकं खोळंबली होती, आणि हा आपला कान लावून बसलेला. अर्ध्या तासाने वर आला तेव्हा ढोल तयार होता.

पहिला ठोका पडला आणि काचेपलीकडे साहेब खुर्चीतून उठलेच. यंत्रावरचा काटा लाल रेघेच्या पलीकडे जाऊन आपटला. "थांबा, थांबा! फाटतोय आवाज! हळू वाजवा."

नानाने मान हलवली. "धाकला वाजाडता येत नही, साहेब. दूर जाईसन वाजाडता येस."

मी मराठीत सांगितलं, लहान वाजवता येत नाही म्हणतोय, लांब जाऊन वाजवता येतं. साहेब म्हणाले, "लांब म्हणजे कुठे? खोली केवढी आहे!" आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. अरे, आपण चूक कुठे केली? माइकभोवती सगळे दाटीने उभे राहिलो, कीर्तनाला बसल्यासारखे! पाठवणीत ढोल कुठे असतो? गाडीच्या मागे, पंचवीस पावलांवर. मी दार उघडलं. "नाना, धनुबाई म्हणजे गाडीपुढच्या बाया. तू तुझ्या जागेवर जा."

नाना पावलं मोजत निघाला. खोलीबाहेर, बोळातून, आणि पंचविसाव्या पावलाला जिन्यात पोचला. दगडी जिना, खालपासून वरपर्यंत पोकळ. तिथे त्याने एक ठोका मारला. काय सांगू तुम्हाला! तो आवाज खाली गेला, वर आला, बोळातून चालत आमच्याकडे आला. रनाळ्याच्या शिवेवरून येतो तसा. साहेबांनी चष्मा काढला. काटा लाल रेघेच्या अलीकडेच डुलत होता. "दार उघडंच ठेवा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी नानाचं नाव विचारलं.

आता वाटलं झालं. कुठचं झालं! जिन्यातून साहेब दिसत नव्हते. म्हणून मी दारात उभा राहिलो. ठरलं असं की साहेब मला खूण करतील, मी हात वर करीन, की नानाने सुरू करायचं. नाना हाताला सवय म्हणून हळू हळू टिचक्या मारत होता. साहेबांनी खूण केली, मी हात वर केला, आणि जिना एकदम गप्प! धनुबाई एकटीच गायली. साहेब चिडले. मी जिन्यात जाऊन नानावर ओरडलो, "झोपलास का रे?" तो भाबडेपणाने म्हणाला, "तूच तं हात वर कया." बरं, समजावून सांगितलं. हात वर म्हणजे सुरू. त्याने मान डोलावली. दुसऱ्यांदा हात वर केला, पुन्हा सामसूम!

"डोकाले समजस रे भो," नाना कपाळावर हात मारत म्हणाला, "हातले समजत नही."

पंचवीस-तीस वर्षं त्या माणसाने वर गेलेला हात पाहिला की टिपरू थांबवलं होतं. मुंबईच्या एका दुपारी ते कसं उलटणार? साहेब म्हणाले, आता एकदाच घेईन, नाही जमलं तर तबला. धनुबाईने डोळे मिटले. नानाचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. मीना, ती गाडी, ते चालणं, सगळं त्या एका हातावर येऊन अडलं होतं, आणि तो हात माझा होता.

मी म्हटलं, "साहेब, तुमची रीत राहू द्या बाजूला, आमची चालवू. नाना सुरूच राहील, त्याला सुरू करायची गरज नाही. तो वाजवत असतानाच तुम्ही यंत्र सोडा, धनुबाई उचलेल. सव्वातीन मिनिटं होत आली की मी हात वर करतो." आणि नानाला ओरडून सांगितलं, "मी नवरीचा मामा! शीव येईपर्यंत वाजव!"

"मंग आधी सांगाले काय झायं व्हतं?" नाना म्हणाला आणि डोळे अर्धे मिटले.

ती सव्वातीन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. ढोल आला, त्यात धनुबाईचा आवाज शिरला, पाय उचलत ती जागच्या जागी चालत होती. माझ्या कपाळावरून घामाची धार डोळ्यात उतरली. झोंबत होती. पुसायला हात उचलला असता तर? सगळं मुसळ केरात! दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतवून मी रडक्या डोळ्यांनी उभा. शेवटी साहेबांनी बोट दाखवलं, मी हात वर केला, आणि ढोल असा थांबला, जणू कुणी सुरीने कापला. यंत्र बंद करून साहेब बाहेर आले, बोळातून चालत जिन्यात गेले आणि त्यांनी नानाला हात जोडले. मी पाहिलंय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

बासष्टच्या लग्नसराईआधी तबकड्यांची पहिली पेटी नंदुरबारला उतरली. चार दिवसांत संपली. दुसरी स्टेशनवरच संपली, दुकानापर्यंत आलीच नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी पाल ठोकून ती लावली तर घोडे बघायचे सोडून माणसं माझ्याकडे. ज्यांच्या घरी फोनो नाही त्यांनीसुद्धा तबकडी नेली, "फोनो पुढल्या साली घिसू" म्हणत! भुसावळ, बऱ्हाणपूर, सुरत, सगळीकडून मागणी. कंपनीचं पत्र आलं की त्या साली त्यांच्या बोलीभाषेतल्या तबकड्यांत आमचीच सगळ्यांत जास्त खपली. ते पत्र मी काच लावून भिंतीवर टांगलंय. माझे वडील तेव्हा पहिल्यांदा दुकानात आले, पूर्ण तबकडी ऐकली, आणि शेजारच्या कापडवाल्याला म्हणाले, "आमच्या चुनीचं काम आहे." अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. पण खरं काम कुणाचं होतं ते मला ठाऊक होतं.

नानाला ऐकवली तेव्हा तो फोनोसमोर उकिडवा बसला. संपल्यावर म्हणाला, "हाऊ मी शे?" मी म्हटलं, तूच. म्हणाला, "इतली सालं वाजाडना, पन पुढे उभा ऱ्हाईसन कव्हय ऐकना नव्हता." आणि लाजला. खरंच लाजला, पन्नाशीचा माणूस.

चौसष्टच्या वैशाखात मीनाचं लग्न लागलं. गावात कुजबूज झालीच. ढोलवाल्याच्या घरी पत्र्याचा ढोल! एक-दोघांनी तोंडावर नाकं मुरडली. एरवी हळू बोलणारा नाना त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ढोल मन्हाच शे. आज मी बाप शे."

सकाळी पाठवणी. मी नानाच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, चार भोंगे बांधले, तोंडं शिवेच्या वाटेकडे. आदल्या दिवशी शिवेपर्यंत चालत जाऊन आवाज पोचतो का ते तपासून आलो होतो. तबकडी सव्वातीन मिनिटांची आणि वाट अर्ध्या तासाची. ढोल मध्ये थांबला तर अपशकुन, म्हणून दोन फोनो शेजारी शेजारी ठेवले, दोन तबकड्या. एक संपत आली की दुसरीची पिन टेकवायची, पहिलीची पिन बदलायची, चावी भरायची. वैशाखाचं ऊन, भोंग्यांचा पत्रा तापलेला, बोटं भाजलेली, पण ढोल मी एका श्वासाइतकाही थांबू दिला नाही. गाडी निघाली. धाब्यावरून मला सगळं दिसत होतं. पुढे बायका, त्यांत धनुबाई, स्वतःच्याच आवाजाबरोबर गात. मध्ये गाडी. मागे कुणीच नाही. आणि नाना गाडीच्या चाकाशी, नवं धोतर, डोक्याला पागोटं. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. कधी पाठीमागे बांधायचा, कधी झटकायचा. मग मीनाने गाडीतून हात खाली सोडला. त्याने तो धरला. मी पाहिलं आणि पुढची पिन टेकवली. जिन्यातला तो ढोल, अख्ख्या खानदेशात गाजलेला, आज ज्याच्यासाठी तबकडीत भरला होता त्याच्यासाठी वाजत होता!

शिवेवर मीनाच्या मामाने हात वर केला. लांबून ठिपक्याएवढा दिसला, पण दिसला. मी दोन्ही पिना उचलल्या.

अर्ध्या तासाने नाना परत आला. डोळे लाल, पागोटं सुटलेलं. मी धाब्यावरून उडी मारूनच त्याला गाठलं. मला एकच कळायचं होतं. घाम, चटके, चार भोंगे, सगळं त्याच्यासाठीच होतं ना!

"नाना, ऐकू आला का शेवटपर्यंत? शिवेवर कसा वाजत होता?"

"काय?"

"अरे काय म्हणजे? ढोल! तुझा ढोल!"

नाना ओशाळून हसला.

"माले काय म्हाईत रे भो," तो म्हणाला. "मी तं मीनासंगे बोली ऱ्हायनू व्हतू."